पेट्रोल इंजिन हाताने सुरू करताना: आधी विमान बांधा, मग प्रॉपला हात लावा

रिमोटवर चालणाऱ्या मॉडेल विमानात 55 सीसीचं इंजिन असेल, तर त्यावर साधारण 22 इंचांचा, दोन पात्यांचा प्रॉप (प्रोपेलर, पुढचा पंखा) बसतो. आयडलला, म्हणजे इंजिन सगळ्यात हळू चालताना, मिनिटाला 1500 फेऱ्या धरल्या, तरी त्याच्या टोकाचा वेग ताशी 150 किलोमीटरच्या पुढे जातो आणि एकाच जागेवरून सेकंदाला 50 वेळा पातं सरकतं. फुल थ्रॉटलला, म्हणजे पूर्ण जोरावर, 7000 फेऱ्या झाल्या की टोक ताशी 700 किलोमीटरच्या वर पळतं. हाताने इंजिन सुरू करणारा माणूस आपली बोटं याच वर्तुळात घालत असतो.

म्हणून या कामात मी एकच हिशोब मांडतो: माझा हात त्या वर्तुळात एकूण किती वेळ आहे? तो वेळ ताकदीने कमी होत नाही, तयारीने होतो. क्रम बरोबर असेल तर थंड इंजिन दहा-बारा फ्लिपमध्ये (फ्लिप म्हणजे हाताने प्रॉपला दिलेला एक झटका) बोलायला लागतं. क्रम चुकला की तेच इंजिन पन्नास फ्लिप खातं, दंड भरून येतो, माणूस वैतागतो आणि नेमक्या त्या वैतागात बोट जातं. खालचं सगळं 20 ते 60 सीसीच्या एका सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठी आहे. यापेक्षा मोठ्या इंजिनांना नियम हेच, पण ते एकट्याने करायचं काम नाही.

प्रॉप कधीच "बंद" नसतो

एका सकाळी मी इंजिनात पेट्रोल ओढून घेण्यासाठी प्रॉप फिरवत होतो. इग्निशनचा, म्हणजे ठिणगी टाकणाऱ्या यंत्रणेचा, लाल दिवा विझलेला होता, म्हणून स्विच बंद आहे असं मी धरून चाललो. चौथ्या फ्लिपला इंजिन फट्‌कन पेटलं. चोक (कार्ब्युरेटरचं हवेचं तोंड झाकणारी पट्टी) बंद होता म्हणून ते अर्ध्या फेरीत थांबलं, आणि हातात जाड चामड्याचा मोजा होता म्हणून फक्त मोजा दोन बोटांवर उभा फाटला आणि एक नख काळंनिळं झालं. नंतर पाहिलं तर दिव्याची तार डाग दिलेल्या जागी तुटलेली होती. स्विच चालूच होता.

तेव्हापासून पेट्रोल ओढताना मी स्विचवर विसंबत नाही. इग्निशनच्या बॅटरीचा कनेक्टर काढून डोळ्यांना दिसेल असा बाहेर लटकवतो.

इथे इग्निशनचे दोन प्रकार समजून घ्यायला हवेत, कारण दोघांचा धोका वेगवेगळा आहे. आजच्या बहुतेक इंजिनांवर इलेक्ट्रॉनिक इग्निशन असतं. प्रॉपच्या हबमध्ये एक छोटं चुंबक असतं, ते सेन्सरसमोरून गेलं की मॉड्यूल ठिणगी टाकतं. बॅटरी तोडली की ठिणगी नाही. पण बॅटरी जोडलेली असेल तर प्रॉप अगदी हळू फिरवला तरी ठिणगी पडू शकते. "हळूच फिरवतोय, काही होत नाही" ही समजूत अनेकांच्या बोटांना महागात पडते. शिवाय काही मॉड्यूल स्विच चालू किंवा बंद करण्याच्या क्षणीसुद्धा एखादी ठिणगी सोडतात, त्यामुळे स्विच दाबताना कोणाचाही हात प्रॉपजवळ नको.

दुसरा प्रकार मॅग्नेटोचा, जुन्या झेनोआसारख्या इंजिनांवरचा. इथे बॅटरीच नसते. फ्लायव्हीलवरची चुंबकं स्वतःच ठिणगी तयार करतात, आणि बंद करायचा स्विच कॉइलची तार इंजिनाच्या धातूला जोडून (अर्थिंग करून) ती ठिणगी मारतो. म्हणजे हिशोब उलटा झाला. स्विचची तार तुटली तर इंजिन कायम "चालू". अशा इंजिनावर प्रॉपला लावलेलं प्रत्येक बोट पेटत्या इंजिनाला लावलंय असंच समजायचं.

घरी, टेबलावर

मैदानावरची निम्मी सुरक्षितता इथेच ठरते. प्रॉप बसवताना प्लगची कॅप काढा आणि बॅटरीही तोडा. पाती बोटाने चाचपा. एखादी चीर, खाच, उडालेली कपची सापडली तर तो प्रॉप गेला. त्याला गोंद लावून पुन्हा वापरायचा विचारही करू नका. नव्या कार्बन प्रॉपची मागची कड अक्षरशः सुरीसारखी असते, साच्यातला पातळ पापुद्राही तिथेच राहिलेला असतो. बारीक सँडपेपरने ती धार मोडा आणि मग बॅलन्स तपासा. टोकांना पिवळा किंवा पांढरा रंग द्या, म्हणजे फिरताना वर्तुळाची कड दिसते. बोल्ट एकाआड एक, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत न्या. लाकडी प्रॉप दाबला जातो, त्यामुळे पहिल्या दोन-तीन वेळा इंजिन चालवल्यावर बोल्ट पुन्हा आवळावे लागतात.

प्रॉप कोणत्या कोनात बसवायचा याकडे नवे लोक लक्षच देत नाहीत. विमानासमोर उभं राहून पाहिलं तर नेहमीच्या इंजिनाचा प्रॉप घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, म्हणजे तुमच्या डाव्या बाजूचं पातं खाली येतं. हाताला कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा, घट्टपणा लागायला सुरुवात होईल त्या क्षणी हे पातं घड्याळातल्या दहाच्या जागी असावं. म्हणजे फ्लिप वरून खाली येते, हात गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने वर्तुळाबाहेर पडतो आणि शरीर पुढे झुकत नाही. पातं सात-आठच्या जागी असेल तर हात खालून पलीकडे वर ओढावा लागतो आणि चेहरा प्रॉपकडे जातो. एक-दोन बोल्टांच्या खाचा पुढेमागे करून हा कोन साधून घ्या, त्यासाठी वेळ घालवा.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल इंजिनाच्या पुस्तिकेत दिलंय त्या प्रमाणात. 32 ला 1 म्हणजे लिटरला साधारण 31 मिली, 40 ला 1 म्हणजे 25 मिली. नळ्या पेट्रोलसाठी बनवलेल्याच हव्यात. ग्लो इंजिनांची (मिथेनॉलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनांची) सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगते, मऊ पडते आणि टाकीतच निसटते.

आता चोक. इंजिन सुरू होत नाही म्हणून हैराण झालेल्या लोकांची इंजिनं मी पाहतो तेव्हा आधी चोकची पट्टी पाहतो. ती कार्ब्युरेटरच्या तोंडावर पूर्ण बसते का? केसभर फट राहिली तरी ओढ निम्मी होते, पेट्रोल वर येत नाही आणि माणूस फ्लिपवर फ्लिप मारत बसतो. चोकला छोटा सर्व्हो (रिमोटवरून हलणारी मोटर) लावता आला तर जरूर लावा. चोक उघडायला हात प्रॉपमागे घालावा लागत नाही, ही फार मोठी सोय आहे. तेच इग्निशनचं: रिमोटवरून बंद होणारा ऑप्टिकल स्विच हा मी चैनीत धरत नाही.

नीडलचे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल किती यायचं ते ठरवणारे, स्क्रू पुस्तिकेत सांगितलेल्या जागी ठेवा. ती हरवली असेल तर हाय आणि लो दोन्ही हलक्या हाताने बंद करून दीड फेरी उघडणं ही सुरुवातीला बरी जागा.

शेवटी रिमोट. थ्रॉटलची स्टिक खाली केली की कार्ब्युरेटरची झडप खरोखर बंद होते का, हे प्रत्यक्ष कार्ब्युरेटरकडे बघून खात्री करा. चुकून दुसऱ्या मॉडेलची मेमरी निवडलेली असेल तर थ्रॉटल उलटा चालू शकतो, आणि आयडलऐवजी फुल थ्रॉटलवर सुरू झालेलं 55 सीसीचं इंजिन विमानाला दहा किलोपेक्षा जास्त जोराने पुढे ओढतं. फेलसेफ लावा: रिमोट बंद केला की थ्रॉटल बंद आणि इग्निशन बंद. हे इंजिन न चालवता एकदा करून पाहा.

मैदानावर

विमान बांधायचं. चाकाखाली दगड किंवा ठोकळा म्हणजे बांधणं नव्हे. जमिनीत घट्ट ठोकलेल्या खुंट्याला दोर आणि तो दोर शेपटीच्या आडव्या पंखांपुढे धडाभोवती, नाहीतर शेपटीमागून दाबून धरणारा माणूस. मला दोन्ही असलेलं आवडतं. जागा घट्ट आणि स्वच्छ हवी. प्रॉप खडे वर ओढून घेतो आणि फेकतो. सुकं गवत नको. आग विझवायचं पावडरचं सिलिंडर हाताशी हवं. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचं नसतं.

प्रॉपच्या वर्तुळाच्या रेषेत, म्हणजे बरोबर डावी-उजवीकडे, कोणी उभं राहायचं नाही. पातं तुटलं तर तुकडा त्याच रेषेत उडतो. बघणारे सगळे पंखांच्या मागे.

अंगावर: जाड, घट्ट बसणारा चामड्याचा मोजा (सैल मोजा पात्यात अडकतो), डोळ्यांना चष्मा, बंद बूट. गळ्यात रिमोटचा पट्टा, सैल बाही, मफलर, ओढणी, अंगठी काहीही नको. पट्टा मी मुद्दाम वेगळा सांगतो, कारण वाकल्यावर तो बरोबर प्रॉपच्या उंचीला लोंबकळतो आणि रिमोट अंगावर असेल तर पोटाने थ्रॉटलची स्टिक ढकलली जाते. रिमोट शेपूट धरणाऱ्याकडे द्या किंवा जमिनीवर आडवा ठेवा.

शेपटीवरच्या माणसाशी बोलून काम करा, मोठ्याने आणि प्रत्येक वेळी तेच शब्द.

"धरलंय?"

"धरलंय."

"थ्रॉटल?"

"खाली आहे."

"इग्निशन?"

"बंद."

उत्तर आल्याशिवाय हात पुढे जात नाही. दहा वर्षं एकत्र उडवणाऱ्या दोघांनीही हे म्हणायचं असतं, कारण सवयीच्या माणसांनाच एखादी गोष्ट झालीय असं वाटून जातं.

फ्लिप कशी मारायची

उकिडवं बसू नका. तोल गेला तर माणूस पुढेच पडतो. पाय फाकवून, एक पाय मागे, वजन मागच्या पायावर ठेवून कमरेत वाका, किंवा विमान मजबूत स्टँडवर बांधून उभ्यानेच काम करा. दुसरा हात कुठे आहे? तो पाठीमागे किंवा मांडीवर. काउलवर, म्हणजे इंजिनाच्या झाकणावर, टेकवायचा नाही.

पात्याच्या साधारण दोन तृतीयांशावर, टोकाच्या थोडं आत, तीन बोटांची सपाट पेरं ठेवा. बोटं कडेवर वाकवून पकड घ्यायची नाही आणि अंगठा पात्याभोवती कधीच नाही. पात्यावर हात "ठेवायचा", "धरायचा" नाही. प्रॉप हळू फिरवत कॉम्प्रेशनचा घट्टपणा हाताला लागू द्या, किंचित मागे घ्या, आणि मग खांद्यापासून एकाच लयीत खाली. हात पात्यासोबत थांबत नाही. तो खाली जाऊन तसाच तुमच्याकडे, वर्तुळाबाहेर येतो आणि त्याच ओघात तुम्ही अर्धं पाऊल मागे सरकता. ही हालचाल घरी बॅटरी तोडून, प्लग काढून शंभर वेळा करा. मागे सरकणं हा फ्लिपचाच भाग आहे, असं अंगाला कळलं पाहिजे.

अर्धवट, भीत भीत मारलेली फ्लिप सगळ्यात वाईट. पिस्टन वरपर्यंत जात नाही, ठिणगी आधी पडते आणि प्रॉप उलटा येऊन बोटांच्या मागच्या बाजूला बसतो. चांगलं मॉड्यूल सुरू होताना ठिणगी उशिरा टाकून हा झटका टाळतं, पण बॅटरी उतरलेली असेल किंवा सेन्सर सरकला असेल तर भरवसा नाही. फार हलका प्रॉपही असाच त्रास देतो, कारण त्यात फिरत राहण्याचा जोरच नसतो.

सुरू करण्याचा क्रम

पहिला टप्पा पेट्रोल वर आणण्याचा. बॅटरीचा कनेक्टर बाहेर, चोक बंद, थ्रॉटल आयडलच्या जरासा वर. काही जण या टप्प्यात थ्रॉटल पूर्ण उघडतात, पेट्रोल लवकर येतं म्हणून. मी ते करत नाही आणि कोणाला सांगतही नाही, कारण नंतर तो खाली करायला विसरण्याची किंमत फार मोठी आहे. फ्लिप मारत राहा आणि नळीकडे लक्ष ठेवा. पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचल्यावर आणखी तीन-चार. आवाज बदलतो: कोरडी "फस्स" जाऊन ओला, चप्‌चप् असा आवाज येतो. विमान बरेच महिने पडून असेल तर कार्ब्युरेटरमधल्या पंपाचा पडदा सुकलेला असतो, तेव्हा जास्त फ्लिप लागतात. टाकी पूर्ण भरलेली असली की हे काम हलकं होतं.

दुसरा टप्पा "फट्" ऐकण्याचा. सगळे बाजूला, मोठ्याने "इग्निशन चालू", मग कनेक्टर, मग स्विच. चोक अजून बंदच. थ्रॉटल आयडलच्या वर, स्टिकच्या दोन-चार क्लिक, त्याहून जास्त नाही. साधारण दोन ते पाच फ्लिपमध्ये इंजिन एकदा फट् करतं किंवा सेकंदभर चालून मरतं. वाऱ्यात हा आवाज अगदी बारीक येतो. तो निसटला आणि तुम्ही चोकवरच फ्लिप मारत राहिलात, की इंजिन पेट्रोल पिऊन बसतं. म्हणून या दोन मिनिटांत आजूबाजूच्यांना गप्प राहायला सांगणं अजिबात उद्धटपणाचं नाही.

तिसरा टप्पा: चोक उघडा. सर्व्हो असेल तर लांबूनच. हाताने उघडायचा असेल तर आधी इग्निशन बंद, मग चोक, मग मागे येऊन पुन्हा "इग्निशन चालू". कंटाळवाणं वाटतं, पण फट् ऐकल्याच्या आनंदात काउलखाली हात घालणं ही माझ्या पाहण्यातली सगळ्यात धोक्याची सवय आहे. आता दोन ते सहा फ्लिपमध्ये इंजिन धरतं.

सुरू झाल्यानंतरचा अर्धा मिनिट

जितके कापलेले हात मी पाहिले, त्यांतले बरेच फ्लिपमध्ये कापलेले नाहीत. इंजिन सुरू झाल्यावर, खूश झालेल्या माणसाने प्रॉपवरून हात पलीकडे नेला, नीडल फिरवायला, काउलवरचं फडकं उचलायला, तेव्हा कापलेले आहेत. फिरणारा प्रॉप दिसत नाही. मेंदूला तिथे मोकळी जागा दिसते.

म्हणून इंजिन धरलं की सरळ मागे हटा आणि पंखाच्या टोकाला वळसा घालून मागे जा. शेपूट धरणाऱ्याने तुम्ही मागे येऊन "घेतलं" म्हणेपर्यंत सोडायचं नाही. इंजिन अर्धा ते एक मिनिट आयडलला गरम होऊ द्या. नीडल लावायचे ते प्रॉपच्या मागे बसून, लांब स्क्रूड्रायव्हरने, बाही वर सरकवून, आणि शक्य तेव्हा इंजिन बंद करून. एकदा विमान बांधलेलं असतानाच रिमोट बंद करा आणि फेलसेफने इंजिन खरंच थांबतं का पाहा. थांबलं नाही तर त्या दिवशी उड्डाण नाही.

इंजिन बंदच होत नसेल तर चोक बंद करा किंवा मागच्या बाजूने पेट्रोलची नळी चिमटीत धरा. प्रॉप अडवायला फडकं फेकणं वगैरे प्रकार कोणी सुचवला तर ऐकू नका.

सुरू होत नसेल तर

वीस फ्लिपनंतर थांबा. ही संख्या मी स्वतःसाठी ठरवली आहे. इग्निशन बंद, कनेक्टर बाहेर, हात खाली, पाणी प्या.

कार्ब्युरेटरमधून पेट्रोल टपकत असेल तर ओव्हर झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय. प्लग काढा, पुसा, चोक उघडा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि बॅटरी तोडलेली असतानाच प्रॉप दहा-पंधरा वेळा फिरवून आतलं पेट्रोल बाहेर काढा. मग, प्लग लावायच्या आधी, थ्रॉटल खाली आणून मोठ्याने "थ्रॉटल खाली" म्हणा. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, इग्निशन चालू करून ओव्हर झालेलं इंजिन काढायची युक्ती काही जण दाखवतात. ते सुरू होतं ते थेट फुल थ्रॉटलवर.

प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही: चोकची फट, नळीतली गाठ, टाकीत हवा जाण्याची बंद राहिलेली वाट, कार्ब्युरेटरमधली बारीक जाळी, या क्रमाने पाहा. प्लग ओला आणि फट् नाही, तर ठिणगी पाहा. प्लग कॅपमध्ये बसवून त्याचं धातूचं अंग सिलिंडरला टेकवायचं, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येत असते. भोकावर फडकं ठेवा. कॅप रिकामी ठेवून इग्निशन चालवू नका, मॉड्यूल जळू शकतं. आणि बॅटरीचा व्होल्टेज मोजा. निम्म्या वेळा दोष तिथेच सापडतो.

20-30 सीसीच्या इंजिनाला जाड रबर गुंडाळलेली काठी किंवा इलेक्ट्रिक स्टार्टर वापरायला काहीच हरकत नाही. हाताने सुरू केलं म्हणून इंजिन जास्त चांगलं चालत नाही.

लागलंच तर

पहिलं काम इंजिन बंद करणं, ते शेपूट धरणाऱ्याने. जखमेवर स्वच्छ जाड कापड घट्ट दाबून धरा, हात छातीच्या वर उचला आणि थेट रुग्णालय गाठा. बोटाचा तुकडा पडला असेल तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात ठेवू नका. जखम लहान दिसली तरी दाखवा, कारण आतली शीर किंवा नस तुटलेली वरून कळत नाही. जखमी माणसाने स्वतः गाडी चालवायची नाही. म्हणूनही मी एकटा कधी इंजिन सुरू करत नाही.

गरम इंजिन

उतरल्यावर लगेच पुन्हा उडवायचं असेल तर चोक लागत नाही, एक-दोन फ्लिपमध्ये इंजिन धरतं. इतक्या सहज, की पेट्रोल भरायला म्हणून प्रॉप बाजूला सरकवतानाही ते पेटू शकतं. म्हणून विमान पिटमध्ये (तयारीच्या जागेत) आणलं की आधी इग्निशन बंद, मग कनेक्टर बाहेर, आणि त्यानंतरच टाकीची नळी हातात. दहा-पंधरा मिनिटं उभं राहिलेलं गरम इंजिन मात्र कधी कधी रुसतं, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल तापून उडालेलं असतं. तेव्हा कनेक्टर बाहेर ठेवून चोकवर फक्त दोन फ्लिप द्या, चोक उघडा, आणि शेपटीवरच्या माणसाला पहिल्यापासून विचारा: "धरलंय?"